स्पॉटिफाय, बँडकॅम्प आणि माझी नव्वद मिनिटांची कॅसेट

नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. पुढे काउंटर आणि मागे एक छोटी खोली. त्या खोलीत मी पट्ट्या कापते, कोपरे जोडते, काच पुसते आणि दिवसभर गाणी ऐकते. खिडकीत एक छोटा स्पीकर असतो. इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ च्या फेब्रुवारीत आणि मी पहिल्याच महिन्यात पैसे भरून घेतलं. तेव्हा महिन्याला ११९ रुपये होते, आता त्याहून जास्त पडतात. तेव्हापासून रोज सहा-सात तास ते माझ्या कानावर आहे. म्हणजे हा अभिप्राय आठवडाभर वापरून लिहिलेला नाही.

मी बहुतेक इंडी रॉक ऐकते. छोट्या कंपन्यांनी काढलेले किंवा बँडने स्वतःच काढलेले अल्बम, गिटारवर उभं असलेलं, थोडं ओबडधोबड वाटणारं संगीत. त्यामुळे मी जे लिहितेय ते या एका प्रकारापुरतं आहे. नाट्यगीतं किंवा सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल.

पहिल्याच दिवाळीची गोष्ट आहे. माझा भाचा तेव्हा आठवीत होता, सुट्टीत दुकानात मदतीला यायचा. एका दुपारी मी एका लग्नाच्या फोटोसाठी माउंट कापत होते. अल्बम संपला आणि स्पीकरवर दुसरंच एक गाणं आपोआप सुरू झालं. आवाज माझ्या अगदी ओळखीचा, गाणं मात्र कधीच न ऐकलेलं. भाचा टाचण्या मोजता मोजता त्यावर मान हलवायला लागला. म्हणाला, ‘आत्या, हे माझ्याकडे पण लागतं सारखं. कोणाचंय ते माहीत नाही.’

गोंदाचे हात पुसून मी फोन पाहिला. पेव्हमेंट. ‘हार्नेस युवर होप्स’. आणि बँडच्या पानावर सगळ्यांत वर तेच गाणं होतं, सर्वाधिक ऐकलेलं.

मला ते खरंच वाटेना. पेव्हमेंट मी १९९६ पासून ऐकतेय. त्या वर्षी माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून आला होता. त्याने माझ्यासाठी एक टीडीकेची कॅसेट भरून आणली होती, नव्वद मिनिटांची. ए बाजूला पेव्हमेंटचा ‘क्रूकेड रेन, क्रूकेड रेन’, बी बाजूला गॅलॅक्सी ५०० चा ‘ऑन फायर’. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिलेली. जागा कमी पडली म्हणून शेवटची दोन नावं कडेने उभी लिहिली होती. नाशिकमध्ये हे संगीत विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा ती कॅसेट हाच माझा पूर्ण संग्रह. टेप दोनदा तुटली, दोन्ही वेळा नेलपॉलिशने जोडली. ‘स्नोस्टॉर्म’च्या मध्यावर अजून एक खट्ट आवाज येतो, तो त्या जोडाचा. आता मूळ गाणं ऐकतानाही तिथे मला तो खट्ट ऐकू येतो.

तेवीस वर्षं ज्यांची गाणी ऐकली त्यांचं सर्वांत लोकप्रिय गाणं मला ठाऊक नाही आणि आठवीतल्या पोराला ठाऊक आहे, हे कसं, याच्या मागे मी लागले.

‘हार्नेस युवर होप्स’ हे पेव्हमेंटने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ‘ब्रायटन द कॉर्नर्स’ या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं. अल्बममध्ये ते घेतलंच नाही. १९९९ मध्ये एका छोट्या रेकॉर्डवर, मुख्य गाण्याच्या मागे, भरतीला टाकलं आणि त्याच वर्षी बँड फुटला. रेडिओवर नाही, व्हिडिओ नाही. माझ्या आतेभावाच्या कॅसेटवर ते येणं शक्यच नव्हतं. आणि तरी स्पॉटिफायवर या गाण्याने त्यांच्या ‘कट युवर हेअर’लाही मागे टाकलं, जे त्यांचं एकमेव खऱ्या अर्थाने गाजलेलं गाणं होतं.

याचं उत्तर माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सापडलं. गॅलॅक्सी ५०० चा ढोलकिया, म्हणजे ड्रम्स वाजवणारा डेमन क्रुकोव्स्की, याच्याही लक्षात असंच काही आलं होतं. त्यांचं ‘स्ट्रेंज’ हे गाणं स्पॉटिफायवर अचानक बाकी सगळ्या गाण्यांच्या पुढे गेलं होतं. ‘स्ट्रेंज’ हे बी बाजूचं चौथं गाणं. छान आहे, पण ते कधी वेगळं काढलेलं नव्हतं, गाजवलेलंही नव्हतं. क्रुकोव्स्कीने आकडे पाहिले तर उडी होती २०१७ च्या जानेवारीतली. स्पॉटिफायमध्ये तेव्हा काम करणाऱ्या ग्लेन मॅकडोनाल्ड या माहितीतज्ज्ञाने माग काढला. त्याच महिन्यात ऑटोप्ले सगळ्यांसाठी मुळातच चालू ठेवलं गेलं होतं. ऑटोप्ले म्हणजे तुमचा अल्बम संपला की त्याच्यासारखं वाटणारं पुढचं गाणं यंत्राने लावायचं. आणि ‘स्ट्रेंज’ का? कारण गॅलॅक्सी ५०० च्या गाण्यांपैकी ते इतर बँडांच्या गाण्यांशी सर्वांत जास्त जुळतं. कोणत्याही गाण्यानंतर लावलं तरी खटकत नाही.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. ज्या गाण्यात बँडचं वेगळेपण सगळ्यांत कमी, तेच त्या बँडची ओळख झालं. त्यांच्या ‘ब्लू थंडर’मध्ये गायक डीन वेअरहॅमचा आवाज जिथे फाटायच्या बेताला येतो, ती जागा यंत्राच्या हिशेबात अडचणीची. माझ्या हिशेबात ती जागा म्हणजेच गॅलॅक्सी ५००.

पण एकाच बाजूने बोलणं बरोबर नाही. ‘हार्नेस युवर होप्स’ हे अप्रतिम गाणं आहे. त्या दुपारनंतर मी ते शंभरदा तरी ऐकलं असेल. ते ध्वनिमुद्रित करून कोपऱ्यात टाकणं ही बँडची चूक होती आणि ती दुरुस्त केली यंत्राने, वीस वर्षांनी. २०२२ मध्ये पेव्हमेंटने त्याचा रीतसर व्हिडिओ काढला. मैफलींत समोर विशीतली मुलं उभी असतात आणि त्यांना हेच गाणं हवं असतं. कॅलिफोर्नियातला डस्टर नावाचा बँड आहे, त्याचा ‘स्ट्रॅटोस्फिअर’ १९९८ साली आला तेव्हा मोजक्या लोकांनी ऐकला. आता छोट्या व्हिडिओंमुळे ती संथ, पुटपुटणारी गाणी शाळकरी मुलांच्या फोनमध्ये आहेत. बाल्टिमोरच्या बीच हाउसचं ‘स्पेस साँग’ स्पॉटिफायवर एक अब्ज वेळा वाजून पुढे गेलंय. दोन माणसांचा बँड, सब पॉपसारखी स्वतंत्र कंपनी, २०१५ चा अल्बम. आर्क्टिक मंकीजचं ‘आय वॉना बी युअर्स’ हे २०१३ च्या अल्बममधलं अगदी शेवटचं गाणं, तेही दोन अब्जांच्या पलीकडे. कॅसेटच्या काळात शेवटचं गाणं म्हणजे टेप संपायची भीती. इथे शेवटचंच पहिलं झालं.

म्हणून वापरणाऱ्यांना माझं सांगणं असं, की स्पॉटिफायवर बँडच्या पानावर गेलात तर वरच्या पाच गाण्यांवर थांबू नका. ती पाच सगळ्यांत वर दिसतात, म्हणून लोक तीच लावतात, म्हणून ती वरच राहतात. खाली जा, अल्बमची यादी उघडा आणि जुन्यापासून सुरू करा. नावाखाली ‘मंथली लिसनर्स’ म्हणून जो आकडा असतो तो गेल्या २८ दिवसांत त्या बँडचं एखादं गाणं निदान एकदा लावलेल्या माणसांचा असतो. त्यात मी आहे, भाचा आहे, आणि रात्री अभ्यासाची यादी लावून झोपी गेलेला मुलगाही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाचा बँड काही आठवड्यांत दहा लाखांच्या पुढे गेला आणि नंतर कळलं की ती माणसंच नव्हती, संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं होतं. त्या आकड्यावरून बँडची लायकी ठरवू नका, एवढंच.

शोधून देण्याच्या बाबतीत मात्र या सेवेला मी पूर्ण गुण देते. दर सोमवारी यंत्राने निवडलेल्या तीस गाण्यांची ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी येते. माझा सोमवारचा पहिला तास तिचाच. तीसपैकी वीस नुसती ऐकून सोडायची, सात-आठ बरी आणि एखाद्या सोमवारी एकच असं येतं की हातातला करवत थांबतो. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड मला असाच मिळाला. ‘फ्लोटेड बाय’ लागलं. जुन्या सिनेमातल्या पार्टीत गाणाऱ्यासारखा खर्जातला आवाज, मागे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी वाद्यं. मला वाटलं साठच्या दशकातलं कोणी परदेशी असेल. नाव पाहिलं तर सूर्यकांत साहनी. त्यांचा ‘बिस्मिल्लाह’ २०१९ चा आणि ‘बीटा’ २०२४ चा, दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, मध्ये उड्या मारू नका. हिंदीत ऐकायचं असेल तर द लोकल ट्रेनचा ‘आलस का पेड’. २०१५ चा अल्बम, एकही गाणं सिनेमातलं नाही आणि ‘छू लो’ आज माझ्या दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना तोंडपाठ आहे. सिनेमाच्या आधाराशिवाय आपल्याकडे गिटारवरचं गाणं इतक्या घरांत पोचू शकतं, हे मला माझ्या विशीत कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. ते या सेवांमुळेच झालं आहे.

आता पैशांचं. हा भाग मला सर्वांत जास्त लागतो, कारण मी स्वतः हाताने काम करून त्याचे पैसे घेणारी बाई आहे.

मी महिन्याचे पैसे भरले आणि महिनाभर फक्त गॅलॅक्सी ५०० ऐकलं तरी माझे पैसे त्यांना जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका हौदात जमतात आणि एकूण वाजलेल्या गाण्यांत ज्याचा जितका वाटा, त्या प्रमाणात ते वाटले जातात. गाणं तीस सेकंद वाजलं की एक मोजणी. सव्वातीन मिनिटांचं गाणं आणि नऊ मिनिटांचं गाणं, दोघांना तेवढंच. २०२४ पासून आणखी एक नियम आहे. मागच्या बारा महिन्यांत जे गाणं हजार वेळाही वाजलं नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. हजार हा आकडा मोठ्या गायकांना काहीच नाही. पण एखाद्या गावातल्या चार पोरांनी घरच्या खोलीत बसून काढलेल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी घ्या. त्यातली आठ या रेषेच्या खालीच राहायची.

आणि ‘डिस्कव्हरी मोड’ म्हणून एक सोय आहे. बँडने किंवा कंपनीने आपलं एखादं गाणं पुढे करावं असं सांगितलं की यंत्र स्पॉटिफायच्याच ‘रेडिओ’ याद्यांत आणि ऑटोप्लेमध्ये त्याला झुकतं माप देतं. बदल्यात तिथे वाजलेल्या गाण्याच्या मानधनातून तीस टक्के कापले जातात. म्हणजे ज्या ऑटोप्लेने ‘स्ट्रेंज’ला फुकटात वर नेलं, तिथे आता पुढे जायला मानधनातला वाटा सोडावा लागतो. माझ्या धंद्यात कोणी म्हणालं असतं की तुमच्या फ्रेमा दर्शनी काचेत लावतो पण मजुरीतले तीस टक्के सोडा, तर वडिलांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

क्रुकोव्स्कीने २०१२ मध्ये स्वतःची पावती उघड करून हिशेब मांडला होता. एका तिमाहीत त्यांचं ‘टगबोट’ स्पॉटिफायवर ५,९६० वेळा वाजलं आणि गीतकार म्हणून तिघांना मिळून आले एक डॉलर पाच सेंट. माणशी पस्तीस सेंट. १९८८ साली याच गाण्याच्या त्यांनी हजार तबकड्या काढल्या होत्या. तेवढीच कमाई व्हायला २०१२ मध्ये एक कोटी तीस लाखांहून जास्त वेळा वाजावं लागेल, असं त्याने लिहिलं. हजार तबकड्या म्हणजे आमच्या मागच्या खोलीतल्या दोन फळ्या. हा आकडा मी त्या फळ्यांकडे बघतच समजून घेतला.

२०२५ मध्ये काही बँडांनी स्पॉटिफायवरून आपली गाणीच काढून घेतली. कंपनीचे सहसंस्थापक डॅनियल एक (‘एक’ हे आडनावच) यांनी लष्करी तंत्रज्ञान बनवणाऱ्या कंपनीत केलेली गुंतवणूक त्यांना मान्य नव्हती. आधी डीअरहूफ, मग शिउ शिउ, मग मेलबर्नचा किंग गिझार्ड अँड द लिझर्ड विझर्ड, ज्यांचे सव्वीस-सत्तावीस अल्बम आहेत. त्यांचा निर्णय मला पटला. पण एका सकाळी माझ्या यादीतली अकरा गाणी फिकट पडलेली दिसली, दाबलं तर वाजेनात. सहा वर्षं जमवलेल्या यादीत भोकं. भाड्याच्या घरात खिळा ठोकायच्या आधी जसं वाटतं तसं मला त्या यादीबद्दल तेव्हापासून वाटतं. याआधी दुसऱ्या एका अ‍ॅपवर माझी सगळीच यादी एका रात्रीत गेली होती. त्यांच्या मदतकेंद्राला तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्यामुळे यावेळी मी रडत बसले नाही, बँडकॅम्प उघडलं.

बँडकॅम्प २००८ पासून आहे. इथे महिन्याचं भाडं नाही. अल्बम विकत घ्यायचा, फाइल उतरवून घ्यायची, ती आपली. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, टी-शर्ट किंवा तबकडीवर १० टक्के, बाकीतले बहुतेक पैसे बँडकडे किंवा त्यांच्या कंपनीकडे. करोनाच्या सुरुवातीला, २० मार्च २०२० ला, त्यांनी एका शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडला आणि पुढे ‘बँडकॅम्प फ्रायडे’ हा रिवाजच झाला. मी खरेदी त्याच शुक्रवारांसाठी ठेवते. किंग गिझार्डने तर तिथे वाटेल ती किंमत द्या म्हणून अल्बम खुले केले. मी दर अल्बममागे दोन डॉलर दिले आणि चार घेतले.

अडचणी आहेत. पैसे परकीय चलनात द्यावे लागतात, बाहेर चालणारं कार्ड लागतं आणि बँक वर आपला आकार लावते. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, फाइल उतरवून फोनमध्ये भरायची सवय नसलेल्या माणसाला पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागेल. मोठ्या कंपन्यांचं बरंच संगीत तिथे नाही. आणि मालकी फार हलली आहे. २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रॅडरकडे गेलं आणि त्या वेळी निम्म्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा घेतलेल्या फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवाच, त्यांच्या भरवशावर सोडू नका.

पण तिथल्या अल्बमच्या पानावर किती वेळा वाजलं हे लिहिलेलं नसतं. तिथे विकत घेणाऱ्यांचे चेहरे दिसतात, छोट्या चौकटींत, आणि काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात की मला यातलं अमुक गाणं का आवडलं. मी फ्रेमा करते म्हणून असेल, पण त्या चौकटी बघत मी बराच वेळ घालवते. ‘ऑन फायर’ मी तिथूनच घेतला. पूर्ण दर्जाच्या फाइल. पहिल्यांदा ‘स्नोस्टॉर्म’ खट्ट आवाजाशिवाय इतकं स्वच्छ ऐकलं की झांजांचा मागे विरत जाणारा नाद शेवटपर्यंत कळला. नेलपॉलिशने जोडलेल्या टेपवर तो नाद कधी पोचलाच नव्हता.

तर पाचपैकी गुण असे. नवं संगीत शोधायला स्पॉटिफाय पाच. एखाद्या बँडला नीट ओळखायला अडीच, कारण ती मेहनत तुमची तुम्हालाच करावी लागते. बँडला जगवण्यात दीड. बँडकॅम्पला शोधायला तीन, बाकी दोन्हींत साडेचार. मी दोन्ही ठेवलंय. सोमवारी स्पॉटिफायवर ऐकते, ज्याचं नाव आठवडाभर डोक्यातून जात नाही त्याचा अल्बम महिन्यातून एकदा विकत घेते. वर्षाला दहा-बारा अल्बम होतात. हा खर्च मी स्पॉटिफायच्या भाड्याइतकाच आवश्यक धरते.

ऑटोप्ले मी बंद केलंय. सेटिंगमध्ये प्लेबॅकखाली त्याचं बटण आहे. अल्बम संपला की खोलीत शांत होतं, रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतात, आणि मी हात पुसून उठते, पुढचं काय लावायचं ते ठरवते. भाचा आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला की तो ते बटण परत चालू करतो, म्हणतो, ‘आत्या, तुला एखादं मिळालं नाही तर?’ मागच्या वेळी त्याने चालू केलं तेव्हा मी काच बसवत होते. तिसऱ्या गाण्याला मी त्याला म्हटलं, आवाज वाढव, आणि नाव लिहून ठेव. त्याने फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलं. ती फ्रेम गिऱ्हाईक घेऊन गेलं. नाव मला पाठ आहे, येत्या शुक्रवारी घेईन.